आधी तोंडानं मोजा, मग ताटलीला हात लावा: डीजे स्क्रॅचिंग आणि बीटची मोजणी

आमच्याकडं डीजे म्हणजे माणूस नाही. डीजे म्हणजे गाडीवर रचलेली बॉक्सची भिंत. ‘डीजे आला का?’ असं कुणी विचारलं की लोक गाडीकडं बघतात, वर लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोट्ट्याकडं नाही. तो पोट्टा मी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. लग्नसराईत वाजवतो आणि पाऊस पडला की सोयाबीन-तुरीच्या मागं असतो.

माझा पहिला जाहीर स्क्रॅच, म्हणजे वाजणारा आवाज हातानं मागं-पुढं घासणं, एका हळदीच्या रात्री झाला. इंटरनेटवर बघून चार दिवस हात चालवला होता, अंगात मस्ती होती. गाणं रंगात आलं आणि मी जॉग व्हील, म्हणजे मशीनवरची फिरती गोल ताटली, खसाखसा मागं-पुढं केलं. नाचणारे थांबले. नवरदेवाचे मामा गाडीजवळ आले अन् म्हणाले, “काय झालं बे? कॅसेट गुतली का तुही?”

पेनड्राइव्हच्या जमान्यात कॅसेट गुतली! पोट्टे हसले, मीही हसलो, पण मामांचं चुकलं नव्हतं. तोच आवाज ठोक्यावर पडला तर वाद्य वाजल्यासारखा वाटतो, ठोक्याच्या बाहेर पडला तर मशीन बिघडल्यासारखा. माझा हात बरा चालत होता. मोजणी शून्य होती. म्हणून या लेखात जॉग व्हीलला हात लावायला जरा उशीर होईल, तेवढं सांभाळून घ्या.

मुळात ही कलाच अडवून धरलेल्या गाण्यातून निघाली. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७५च्या सुमारास थिओडोर नावाचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा घरात मोठ्यानं रेकॉर्ड वाजवत होता. आई रागवायला दारात आली. तिचं ऐकून घेताना त्यानं रेकॉर्ड हातानं धरून ठेवली, आणि हात हलत राहिला तसा हेडफोनमध्ये एक वेगळाच आवाज ऐकू आला. तो आवाज घेऊन तो बसला, घासत राहिला, आणि पुढं ग्रँड विझर्ड थिओडोर म्हणून ओळखला गेला. त्याच काळातला ग्रँडमास्टर फ्लॅश रेकॉर्डवर मेणाच्या खडूनं खुणा करून घड्याळाच्या काट्यासारखी जागा लक्षात ठेवायचा. ही खुणेची युक्ती आपल्याला पुढं लागणार आहे.

सामान किती लागतं

फोनवरच्या ॲपनं स्क्रॅच शिकता येत नाही, हे आधीच सांगतो. काचेवर बोट घसरतं, पण हाताला वजन लागत नाही. दोन जॉग व्हील आणि मधे क्रॉसफेडर (एका बाजूचा आवाज बंद करून दुसऱ्या बाजूचा उघडणारी सरकती दांडी) असलेला साधा कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपमधली गाणी हातानं चालवायचं मशीन, पुरे. पायोनियर किंवा न्यूमार्कचा सुरुवातीचा मॉडेल घेतला तर पाच-सहा क्विंटल सोयाबीनचे पैसे जातात, म्हणून पहिला जुनाच घ्या. घेताना क्रॉसफेडर अगदी हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्या. मधेच खरखर झाली किंवा एका टोकाला नेऊनही दुसऱ्या बाजूचा आवाज झिरपत राहिला, तर भाव पाडा नाही तर सोडून द्या.

टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२ सालापासूनचं नावाजलेलं टर्नटेबल आहे. त्यात मोटर थेट ताटलीखाली असते, मधे पट्टा नसतो, म्हणून हात सुटल्याबरोबर रेकॉर्ड लगेच वेग पकडते. ते घरी असेल तर तुम्ही भाग्यवान. आम्ही कंट्रोलरच्या जॉग व्हीललाच ताटली म्हणतो आणि काम भागवतो.

सॉफ्टवेअर कंट्रोलरबरोबर येतंच, सेराटो किंवा रेकॉर्डबॉक्स. काहीच नसेल तर नावात तीन एक्स असलेलं मिक्स नावाचं एक आहे, ते फुकट मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

आता चार सेटिंग. इथं चुकलात तर महिनाभर मेहनत करूनही ‘माझाच हात जड आहे’ असं वाटत राहील. व्हायनल मोड चालू ठेवा. तो चालू असला तरच ताटलीच्या वरच्या भागाला हात लावल्यावर गाणं थांबतं. कडेला हात लावला तर फक्त वेग कमी-जास्त होतो. की-लॉक (वेग बदलला तरी सूर धरून ठेवणारं), सिंक (दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं) आणि क्वांटाइझ (बटण दाबलं की ते ठोक्यावर ओढून नेणारं) तिन्ही बंद करा. क्वांटाइझ तुमची चूक झाकतं, आणि आपल्याला तर ती चूक ऐकायची आहे. क्रॉसफेडरची कर्व्ह एकदम तीक्ष्ण करा, म्हणजे फेडर टोकापासून केसभर हलला की आवाज पूर्ण उघडला पाहिजे. चौथं सेटिंग ऑडिओ बफरचं, म्हणजे लॅपटॉप आवाज सोडण्याआधी किती साठवतो त्याचं. बफर १०२४ वर असेल तर हात हलल्यावर आवाज यायला सुमारे २३ मिलिसेकंद जास्तीचे लागतात. २५६ वर आणला तर ६च्या आसपास. लॅपटॉप कुरकुरला, आवाजात टिकटिक आली, तर एक पायरी वर जा.

आणि ब्लूटूथ स्पीकर लावून सराव करू नका. त्यात आवाज इतका मागं राहतो की हात आणि कान यांचं भांडणच लागतं. वायरचा हेडफोन, मग तो दीडशे रुपयांचा का असेना, त्याच्याहून बरा.

मशीन बंद ठेवून पहिला आठवडा

मोजणीत आपल्या भागाचा पोरगा मागं नाही, उलट पुढंच आहे. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं ऐकत आपण मोठे झालो. गुरुकुंज मोझरीपासून दूर असलेल्या गावातसुद्धा भजन मंडळ असतं, आणि मंडळात एक तरी माणूस असतो ज्याचा ठोका ढळत नाही. आमच्या मंडळात ते माझे मोठेबाबा. एकदा भजन ऐन भरात असताना लाईन गेली. माईक बंद, बल्ब बंद, पेटीवाला अडखळला. खंजिरी तशीच सुरू. कुणीतरी मोबाईलची बॅटरी लावली तेव्हा मला दिसलं की त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा चटईवर टिकटिक करत होता. हात काहीही वाजवो, फिरकी घेवो, मधेच थांबो. अंगठ्याला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. स्क्रॅच करणाऱ्याला हीच सवय लागते. दोन्ही हात कामात असतात, म्हणून मोजणी पायात ठेवावी लागते.

कहरवा तुम्हाला माहीत आहेच, आठ मात्रा:

धा गे ना ति | न क धिं न

हिपहॉपची किंवा डान्सच्या गाण्याची एक बार म्हणजे चार बीट. प्रत्येक बीटचे दोन भाग केले की आठ होतात. ‘एक नि दोन नि तीन नि चार नि’ असं म्हणा आणि त्यावर बोल ठेवा. ‘एक’वर धा, ‘दोन’वर ना, ‘तीन’वर न, ‘चार’वर धिं. मधल्या प्रत्येक ‘नि’वर उरलेले चार बोल.

इथं एक खोच आहे, आणि आपल्याकडचे बहुतेक पोरं इथंच अडकतात. या गाण्यांत किक, म्हणजे ड्रमचा जाड घुमणारा ठोका, साधारण एक आणि तीनवर असते, आणि टाळीसारखा कडक वाजणारा स्नेअर दोन आणि चारवर. भजनातली आपली टाळी मात्र समेवर पडते, म्हणजे एकवर. ‘दोन’वरचा ना हा चाटेवरचा कडक बोल आहे, तिथं स्नेअर छान बसतो. पण ‘चार’वर आपल्या कानाला धिं हवा असतो, बायाच्या घुमाऱ्यासकट, आणि गाण्यात तिथं नुसता कडक स्नेअर येतो. कान फसतो, टाळी एक-तीनवर सरकते, आणि मग स्क्रॅचही सगळे एक-तीनवर पडायला लागतात. ऐकायला ते बँडवाल्याच्या कवायतीसारखं लागतं.

उपाय साधा आहे. ८० ते ९० बीपीएमची (मिनिटाला तितक्या ठोक्यांची) एखादी नुसती ड्रमची बीट लावा. पाय चारही बीटवर टाका, टाळी फक्त दोन आणि चारवर द्या, आणि तोंडानं एक ते चार मोजा. पाच मिनिटं न चुकता जमलं की टाळी तशीच ठेवून तोंडानं कहरवा म्हणा. पहिल्या दिवशी टाळी घसरेलच. मला तीन दिवस लागले, आणि मी लहानपणापासून भजनात बसणारा.

बीपीएम म्हणजे मिनिटाला किती ठोके. सॉफ्टवेअर आकडा दाखवतंच, पण स्वतः काढायला शिका: घड्याळ लावून १५ सेकंदांत किती ठोके पडले ते मोजा आणि चारनं गुणा. २४ आले तर ९६. सॉफ्टवेअर कधीकधी ८०च्या गाण्याला १६० म्हणतं, तेव्हा पाय कुठं पडतोय ते बघून आकडा अर्धा करायचा. जुनी गाणी तर माणसांनी बसून वाजवलेली असतात, त्यांचा वेग अंतऱ्यात वाढतो, मुखड्यात बसतो. तिथं स्क्रीनवरच्या रेघा ठोक्यापासून सरकतात. सिंकवर विसंबणारा त्याच जागी उघडा पडतो.

बारच्या वर वाक्य असतं. डान्सची बहुतेक गाणी आठ-आठ बारच्या तुकड्यांत बांधलेली असतात, म्हणजे ३२ बीट. बार हरवू नये म्हणून प्रत्येक बारच्या पहिल्या बीटला बारचा आकडा म्हणायचा: एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार… असं आठपर्यंत. ‘आठ दोन तीन चार’ झालं की गाण्यात काहीतरी बदलतं. बेस सुटतो, गायक येतो किंवा सगळं शांत होतं. गावातून एसटीनं तालुक्याला जाताना हेडफोन लावून हेच करा. एका फेरीत दहा गाणी होतात.

आठवड्याच्या शेवटी परीक्षा. बीट चालू ठेवा, चार ठोके ऐका, पुढचे चार ठोके आवाज पूर्ण बंद करा आणि पाय चालू ठेवा, मग ‘एक’वर आवाज उघडा. किक बरोबर पायाखाली सापडली पाहिजे. बहुतेकांचा पाय आधीच पडलेला असतो. शांततेत माणूस घाई करतो. चारचं जमलं की बारा ठोके बंद ठेवा. लाईन गेल्यावरही मोठेबाबांची खंजिरी का हलली नाही ते तेव्हा कळेल.

एक आवाज, एक खूण

स्क्रॅचसाठी गाणं नको, आवाजाचा एक तुकडा हवा, सेकंदभराचा किंवा त्याहून कमी. जगभर ‘आऽऽ’ आणि ‘फ्रेश’ हे दोन तुकडे घासून घासून गुळगुळीत झाले आहेत. ते घ्या, पण मी म्हणेन की स्वतःचा बनवा. फोनवर रेकॉर्ड करा: ‘चाऽल!’ किंवा ‘ए भाऊ!’ तुकड्याचं तोंड टोकदार आणि शेपूट सपाट असावी. ‘चाल’मधला च चावतो आणि आ लांबतो, म्हणून तो चांगला घासला जातो. माझ्या एका मित्रानं ‘हौ ना बे’ रेकॉर्ड केलं होतं. लोकांना आवडलं, पण ह मऊ असल्यामुळं ठोका बोथट पडायचा.

लॅपटॉपवर तुकड्याच्या आधीची शांतता पूर्ण कापा. च सुरू होतो तिथंच क्यू, म्हणजे सुरुवातीची खूण, लावा. मग ताटली त्या जागी असताना घड्याळात बारा असतात तिथं रंगीत चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. हीच फ्लॅशची खडूची खूण. पट्टी बारावर आली की आवाजाचं तोंड हाताखाली आहे, स्क्रीनकडं बघायची गरज नाही.

थोडा हिशेबही लक्षात ठेवा. रेकॉर्ड मिनिटाला ३३ पूर्णांक १/३ फेऱ्या घेते, म्हणजे एक फेरी १.८ सेकंदांची. १०० बीपीएमच्या गाण्यात एका फेरीत बरोबर तीन बीट बसतात. बरेच कंट्रोलरही हाच वेग धरतात, म्हणून पट्टी कितव्या बीटला कुठं असेल याचा अंदाज बसतो.

बेबी स्क्रॅच, यालाच जास्त वेळ द्या

लिहिता हात फेडरला द्यावा असं माझं मत, कारण बारीक काम तिथं आहे. उलटं करणारे कसलेले लोकही आहेत. जे ठरवाल ते महिनाभर बदलू नका. तर डावा हात ताटलीवर, घड्याळात नऊ असतात तिथं. तर्जनी आणि मधलं बोट, दोघांचं मांस टेकवा, नख नाही. दाब किती? भाकरी थापताना शेवटी कडेला बोटं नुसती टेकतात, तेवढा. खांदा वर चढला असेल तर खाली सोडा.

फेडर पूर्ण उघडा. बीट ७० बीपीएमवर लावा. आता फक्त पुढं आणि मागं, दोन-तीन इंच. पुढं जाताना ‘चा’, मागं येताना उलटा ‘आच’.

पहिली पायरी: एकवर पुढं, दोनवर मागं, तीनवर पुढं, चारवर मागं. हे इतकं हळू आहे की कंटाळा येईल. पण ऐका, पुढचा आवाज आणि मागचा आवाज सारख्या लांबीचे आहेत का? नवशिक्याचा हात पुढं झटकन जातो आणि मागं रेंगाळतो. दुसरी पायरी: ‘एक’वर पुढं, ‘नि’वर मागं, म्हणजे कहरव्याच्या आठही मात्रांवर हात. धा पुढं, गे मागं, ना पुढं, ति मागं. तिसरी पायरी: प्रत्येक बीटमध्ये चार हालचाली, तोंडानं ‘तिरकिट तिरकिट’. ८० बीपीएमला एक बीट पाऊण सेकंदाची, म्हणजे तिरकिटचं एक अक्षर १९० मिलिसेकंदांच्या आतच. इथं हात घट्ट होतो. झाला की वेग वाढवू नका, हालचाल लहान करा. दोन इंचाचा इंच करा.

तोंड बंद ठेवून सराव करू नका, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. तबल्याचा बोल आधी तोंडात येतो, मग बोटात. जे तोंडानं म्हणता येत नाही ते हातानं वेळेवर पडत नाही.

मग स्वतःला पकडा. फोन स्पीकरसमोर ठेवून एक मिनिट रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच रात्री नाही. त्या रात्री सगळं गोडच लागतं. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर असेल तर रेकॉर्डिंग त्यात उघडा. स्नेअरचा उंचवटा आणि स्क्रॅचचा उंचवटा एकाखाली एक दिसतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा प्रत्येक स्क्रॅच स्नेअरच्या आधी होता, एकही मागं नव्हता. म्हणजे ताल कच्चा नव्हता, हात घाईचा होता. दुखणं कळल्यावर औषध सोपं: पंधरा दिवस मुद्दाम ठोक्याला टेकून, जरासा मागं वाजवायचा प्रयत्न केला, तेव्हा कुठं मध्यावर आलो.

फेडर

बेबी एका मिनिटाच्या रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ आला की दुसरा हात उघडा. आतापासून फेडरचं घर बंद बाजूला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात फेडरचं बोंड धरा, मनगट टेबलाला टेकलेलं.

फॉरवर्ड स्क्रॅच: पुढं जाताना फेडर उघडा, मागं येताना बंद. फक्त ‘चा’ ऐकू येतो. ‘एक’वर चा, ‘नि’वर गप्प. गप्प बसतानाही हात मागं येतोच, आणि तो ‘नि’वरच आला पाहिजे. ऐकू येत नाही म्हणून आळशीपणानं उशिरा आला तर पुढचा चा चुकलाच म्हणून समजा.

चर्प: फेडर उघडा ठेवून सुरू करा. ताटली पुढं ढकलताना फेडर बंद होत जातो, मागं ओढताना उघडत जातो. जमलं की चिमणीच्या चिवचिवाटासारखा आवाज निघतो. दोन्ही हात एकाच क्षणी निघाले पाहिजेत. सुतार लांब करवत दोघांनी ओढतात तसं. आधी मशीन बंद ठेवून हाताला चाल लावा.

ट्रान्सफॉर्मर: ताटली हळू सरकवत ठेवा आणि फेडर टकटक उघडझाप करा. आवाजाचे तुकडे पडतात. तिरकिटचे चारही तुकडे सारखे काढा, मग एक गाळा: ‘तिर-ट’. लोकांना हा लगेच ओळखू येतो, आणि वरातीत खपतो.

टिअर: पुढं एकदा, मागं येताना मधे क्षणभर थबकून दोन तुकड्यांत. फेडरला हात लावायचा नाही. एकदा पुढं-मागं केलं की तीन आवाज येतात, हे लक्षात ठेवा, खाली कामाला येईल.

फ्लेअर, क्रॅब वगैरे बोटांची जादू पुढं आहेच. क्रॅबमध्ये तीन-चार बोटं एकामागून एक फेडरला टिचकी मारतात. दिसायला भारी, पण पहिल्या सहा महिन्यांत त्याच्या नादी लागलेल्या एकाचाही ताल सुधारलेला मी बघितला नाही.

गाडीवर चढल्यावर

घरातलं सगळं गाडीवर बिघडतं, आणि त्याचं मोठं कारण अंतर आहे. आवाज एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो. बॉक्सची भिंत तुमच्याकडं पाठ करून असते आणि समोरच्या घरांवर आपटून आवाज परत येतो. तुम्ही ऐकता तो ठोका ३० मीटर फिरून आला असेल तर तो जवळपास ९० मिलिसेकंद शिळा आहे. त्यावर हात टाकला की नाचणाऱ्यांना तो ठोक्याच्या मागं ऐकू येणार. म्हणून एक कान हेडफोनमध्ये, किंवा पायाशी छोटा मॉनिटर बॉक्स. मोजणी त्यावरच करायची, गल्लीतून येणाऱ्या आवाजावर नाही.

स्क्रॅच कुठं टाकायचा? गायक गात असताना नाही. ‘आठ दोन तीन चार’ ही शेवटची बार रिकामी असते, तिथं. ‘दोन’ आणि ‘तीन’वर बेबी, ‘चार’वर फॉरवर्ड, आणि ‘एक’वर हात सोडून द्या. तीन बीटचं काम. आमच्या लोकांना नाचायचं असतं, ऐकायला कुणी आलेलं नसतं, त्यामुळं आख्ख्या गाण्यात दोन जागा पुरेत. कंट्रोलरवर स्लिप मोड असेल तर इथं चालू करा. तुम्ही घासत असताना गाणं आतून पुढं चालत राहतं आणि हात सोडला की ते जिथं असायला हवं तिथं सापडतं. सरावात मात्र तो बंद.

आवाजाचं म्हणाल तर ८५ डेसिबलमध्ये आठ तास कान धकतो, आणि प्रत्येक तीन डेसिबलला ही वेळ अर्धी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. भिंतीशेजारी त्याहून जास्तच असतं, म्हणून कानात फोमचे बोळे घाला. कापसाचे चालत नाहीत, आपण कापसाच्या मुलखातले असलो तरी. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद ठेवायचा नियम २००० सालापासून आहे. पोलीस पाटील ओळखीचा असला म्हणून तो बदलत नाही.

धूळ आणि ऊन हे आपले खास वैरी. फेडरच्या फटीत माती आणि कापसाचं तूस जातं, मग खरखर सुरू होते. वाजवून झालं की ओला फडका नाही, कोरडा मऊ ब्रश फिरवा आणि वर सुती कापड टाका. फेडरमध्ये तेल सोडू नका. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडं पारा ४५च्या पुढं जातो, तेव्हा बंद गाडीत कंट्रोलर ठेवला तर बोंडांचं रबर चिकट होतं. माझा एक असाच गेला. जनरेटरवर असाल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि चार्जर मधल्या गाण्यांत लावा.

सहाच्या गाण्यांचं काय?

आतापर्यंतचं सगळं चारच्या हिशेबाचं. पण वरातीत निम्मी गाणी दादऱ्याच्या चालीची असतात: धा धिं ना, धा तिं ना. कोळीगीताच्या अंगाची, ढोलाच्या झुलत्या चालीची. तिथं एका बीटचे दोन किंवा चार भाग होत नाहीत, तीन होतात. तिरकिट तिथं चालवलंत तर मामा पुन्हा येतील.

पाय बीटवर, तोंडानं ‘धा धिं ना’, आणि प्रत्येक अक्षराला हाताची एक हालचाल. आता गंमत बघा. तीन ही विषम संख्या आहे. पहिली बीट पुढं-मागं-पुढं अशी संपते, म्हणून दुसरी बीट मागूनच सुरू होते: मागं-पुढं-मागं. म्हणजे धा एकदा पुढच्या हालचालीवर पडतो, पुढच्या वेळी मागच्या. चारमध्ये ‘एक म्हणजे पुढं’ अशी सवय हाताला लागलेली असते, ती इथं मोडते आणि हात दुसऱ्याच बीटला अडखळतो.

दोन वाटा आहेत. एक, बेबीच करायचा पण धा-वर जोर द्यायचा, हात कोणत्याही दिशेला असो. मागं ओढतानाही जोर देता येतो, फक्त ती ताकद आपण कधी वापरलेली नसते. त्यासाठी आधी उलट्या बाजूनं, म्हणजे मागूनच सुरू होणारा बेबी आठवडाभर करा. दुसरी वाट टिअरची. पुढं एक, मागं दोन, असे तीन आवाज, आणि प्रत्येक बीटला हात पुन्हा घरी. धा पुढं, धिं मागं, ना उरलेलं मागं. मला लग्नात हीच सोयीची पडते. ९० बीपीएमला लावून मोठेबाबांना एकदा ऐकवला होता. त्यांनी अंगठा टेकवून दोन बार ऐकलं आणि म्हणाले, “धिं लवकर येऊन राह्यला तुहा.”

फोनमध्ये रेकॉर्ड केलेलं होतं. ऑडॅसिटीत उघडून बघितलं, धिं खरंच आधी होता.